टाळूची खिडकी : अर्भकांच्या मेंदूतील वाहिनीविकृतींच्या श्राव्यातीत निदानाचा इतिहास

१

नवजात अर्भकाची टाळू ही मराठी घरांतील स्त्रियांच्या नित्य परिचयाची गोष्ट होय. बाळाला न्हाऊ घालणारी बाई टाळूवर तेल जिरवते, म्हणजे रूढ शब्दांत ‘टाळू भरते’. टाळू उडते आहे की नाही हे तीच पाहते, आणि जुलाबांनी बाळ सुकले म्हणजे टाळू खोल गेल्याचे सर्वांआधी तिच्याच ध्यानी येते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मस्तकाच्या आतल्या बाजूस, वरच्या भागी, जेथे सिरा आणि संधी यांचा मेळ होतो त्या स्थानास ‘अधिपति’ असे नाव दिले असून सद्यःप्राणहर मर्मांत त्याची गणना केली आहे. सुश्रुताचे मर्म आणि अर्वाचीन शारीरशास्त्रातील अग्र टाळू ही दोन्ही तंतोतंत एकच आहेत असे प्रतिपादन करण्याचे कारण नाही. तथापि मस्तकाचा माथा नाजूक असून त्याखाली रक्तवाहिन्यांचा संगम आहे, ही जाणीव परंपरेत दृढ होती एवढे निश्चित.

परंपरेने जी जागा केवळ जपावयाची म्हणून सांगितली, तीच जागा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाहावयाची जागा झाली. कवटीची हाडे जेथे अद्याप जुळलेली नाहीत तेथून श्राव्यातीत ध्वनितरंग आत सोडता येतात, परावर्तित होऊन आलेल्या तरंगांपासून मेंदूचे चित्र उभे करता येते आणि वाहिन्यांतील रक्ताचा वेगही मोजता येतो. अग्र टाळू साधारणपणे बारा ते अठरा महिन्यांत बुजते. मागील टाळू दोन-तीन महिन्यांतच मिटते. म्हणजे ही खिडकी निसर्गाने थोड्याच काळापुरती उघडी ठेवलेली असते.

या निदानपद्धतीचा इतिहास बहुधा यंत्रांच्या सुधारणेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो तसा सांगण्यात एक मोठी गोष्ट निसटते. दिसणे आणि उमगणे या दोन क्रिया एकाच वेळी घडलेल्या नाहीत. प्रत्येक विकृती आधी दिसली, तिचा अर्थ वर्षांनी, कधी दशकांनी लागला, आणि मधल्या काळात अर्भकांच्या आईबापांना अपुऱ्या ज्ञानावर निर्णय घ्यावे लागले. हे अंतर कसे निर्माण झाले, ते कशाने भरून आले आणि महाराष्ट्रात, विशेषतः नाशिकसारख्या जिल्ह्यात, त्याचे स्वरूप काय आहे, याचा विचार पुढे केला आहे.

२

ध्वनीच्या साह्याने शरीरात डोकावण्याच्या कल्पनेची पूर्वपीठिका भौतिकशास्त्रात आहे. प्रागमध्ये असताना ख्रिश्चन डॉप्लर याने १८४२ मध्ये गतिमान उगमापासून येणाऱ्या तरंगांची कंप्रता बदलते असा सिद्धांत मांडला. १८८० मध्ये पॅरिस येथे ज्याक व प्येर क्युरी या बंधूंना काही स्फटिकांवर दाब दिला असता विद्युत् उत्पन्न होते असे आढळले. या दुसऱ्या शोधाचा व्यत्यास, म्हणजे विद्युत्‌दाबाने स्फटिक कंपित करणे, पहिल्या महायुद्धात पोल लांजव्हँ याने पाणबुड्यांच्या शोधासाठी उपयोगात आणला. श्राव्यातीत तरंगांच्या अभ्यासात भारताचाही वाटा आहे. अशा तरंगांनी प्रकाशाचे विवर्तन कसे होते याची उपपत्ती चंद्रशेखर वेंकट रामन आणि नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये बंगळूर येथे मांडली, आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

वैद्यकात या तरंगांनी पहिला मोठा प्रयत्न केला तो मेंदूवरच, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ऑस्ट्रियातील मज्जाविकारतज्ज्ञ कार्ल डुसिक याने १९४२ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. डोक्याच्या एका बाजूने तरंग सोडून दुसऱ्या बाजूने ते टिपावयाचे आणि त्यांच्या क्षीणतेवरून मेंदूतील पोकळ्यांचे चित्र काढावयाचे, असा त्याचा बेत होता. चित्रे निघाली, ती पोकळ्यांसारखी दिसलीही, आणि काही वर्षे त्यांचे कौतुकही झाले. १९५२ च्या सुमारास जर्मनीत व अमेरिकेत झालेल्या तपासणीने मात्र असे सिद्ध केले की, त्या आकृत्या मेंदूच्या नसून मुख्यतः कवटीच्या हाडांनी तरंग कमीअधिक शोषल्यामुळे उमटलेल्या होत्या. रिकाम्या कवटीतूनही तशीच चित्रे निघत. या शास्त्राच्या उगमापाशीच असा भ्रम उभा आहे, आणि पुढील सर्व विवेचनात त्याची आठवण ठेवणे इष्ट होय.

डुसिकच्या मार्गातील अडथळा हाडाचा होता. स्वीडनमधील लुंड येथे लार्स लेक्सेल याने आरपार जाणाऱ्या तरंगांऐवजी परत येणारा प्रतिध्वनी घेण्याचे ठरविले. १९५३ मध्ये डोक्याला इजा झालेल्या एका लहान मुलावर त्याने हा प्रयोग केला आणि १९५६ मध्ये आपली पद्धती प्रसिद्ध केली. मेंदूची मध्यरेषा एका बाजूला सरकली आहे की नाही एवढेच तीत कळत असे, परंतु तेवढे खरोखर कळत असे. मूल लहान असल्याने त्याची कवटी पातळ होती, हे या यशाचे एक कारण मानावयास हरकत नाही. १९५८ मध्ये ग्लासगो येथील इयन डोनाल्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी उदरातील गाठींवरील आपला निबंध ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला आणि तेथून या तंत्राचा ओघ प्रसूतिशास्त्राकडे वळला. अर्भकाच्या मेंदूची वाट त्यानंतर दीड-दोन दशके बहुतांशी ओस पडली. सिडनी येथील कोसॉफ, गॅरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात अर्भकाच्या मेंदूची श्राव्यातीत चित्रे पद्धतशीरपणे काढली, तेव्हा ती पुन्हा वाहती झाली.

३

वाहिनीविकृतींचे ज्ञान यंत्राच्या आधीपासून होते. मात्र ते शवविच्छेदनातून आलेले होते. त्यांतील सर्वांत नाट्यपूर्ण विकृती ज्या नीलेशी निगडित आहे, तिला दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन याचे नाव आहे. मेंदूच्या खोल भागांतील रक्त गोळा करून मागे नेणारी ही आखूड नीला होय. काही अर्भकांत रोहिण्या केशवाहिन्यांचे जाळे टाळून थेट या ठिकाणच्या नीलेत उघडतात. दाब न ओसरलेले रक्त नीलेत शिरते आणि ती फुगून फुग्यासारखी होते.

या विकृतीचे वर्णन जर्मनीत स्टाइनहाइल याने १८९५ मध्ये केले. १९२७ मध्ये लिस्बन येथे एगस मोनिझ याने मेंदूच्या रोहिण्यांत द्रव्य सोडून क्ष-किरणचित्रे घेण्याची पद्धत काढली. तिच्यामुळे जिवंत रुग्णाच्या वाहिन्या प्रथमच दिसू लागल्या. १९३७ मध्ये येगर, फोर्ब्ज व डँडी यांनी या प्रकारच्या रुग्णाचे वर्णन प्रसिद्ध केले. तथापि नवजात अर्भकाच्या मानेतील रोहिणीत सुई घालणे ही जोखमीची गोष्ट होती, आणि तशी शंका येण्यास आधी लक्षण डोक्याशी संबंधित दिसावयास हवे होते. प्रत्यक्षात ते हृदयाशी संबंधित दिसे.

हे असे का होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. गर्भावस्थेत वारेतील रक्तमार्ग अत्यल्प रोधाचा असतो. त्यामुळे मेंदूतील विकृत मार्गाकडे जाणारा रक्ताचा लोंढा काही अंशी वारेकडे वाटला जातो. नाळ कापली जाताच ती वाटणी थांबते आणि सगळा भार डोक्यातील त्या एका मार्गावर व पर्यायाने हृदयावर पडतो. जन्मतः ठीक दिसणारे बाळ काही तासांत किंवा दिवसांत धापा टाकू लागते, यकृत वाढते, अंग निळसर पडते. वैद्य हृदयातील जन्मजात दोषाचा शोध घेतात आणि तेथे काही सापडत नाही. नवजाताच्या हृदयक्रियेच्या ऱ्हासाचे मूळ डोक्यातील रोहिणी-नीला संयोगात असू शकते हे सिल्व्हरमन व सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये स्पष्टपणे मांडले. १९६४ मध्ये गोल्ड, रॅन्सहॉफ व कार्टर यांनी वयपरत्वे लक्षणांचे गट पाडले : नवजातात हृदयाचा ऱ्हास, थोड्या मोठ्या अर्भकात डोके वाढणे व झटके, त्याहून मोठ्या मुलात डोकेदुखी व रक्तस्राव. टाळूवर स्टेथास्कोप ठेवला तर आत प्रवाहाचा घुमणारा आवाज ऐकू येतो, ही खूण जुन्या वैद्यांना ठाऊक होती. परंतु हृदयाच्या तक्रारीसाठी आणलेल्या बाळाच्या टाळूवर कान ठेवण्याची आठवण होणे, यावरच निदान अवलंबून होते.

निदान झाले तरी उपाय जवळपास नव्हता. शस्त्रक्रियेने रोहिण्या बांधण्याचे प्रयत्न झाले, पण नवजातांतील बहुतेक दगावत. दिसणे आणि बरे करणे यांतील हे अंतर पुढे कसे कमी झाले याचा निर्देश शेवटी येईल.

४

१९७६ ते १९८२ हा सहा वर्षांचा काळ या इतिहासाचा निर्णायक कालखंड म्हणावा लागेल. आरंभ यंत्राने नव्हे, विकृतिशास्त्राने झाला. अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांच्या मेंदूतील रक्तस्राव कोठून होतो, हा प्रश्न तोवर वादग्रस्त होता. लंडनमधील हॅम्बल्टन व विगल्सवर्थ यांनी १९७६ मध्ये दाखविले की, मेंदूतील पोकळ्यांच्या कडेला जो पेशीजनक थर असतो त्यातील केशवाहिन्यांच्या जाळ्यात या रक्तस्रावाचा उगम आहे. हा थर गर्भाच्या मधल्या काळात भरात असतो आणि चौतिसाव्या-छत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास जवळजवळ नाहीसा होतो. त्यातील वाहिन्या तात्पुरत्या, पातळ भिंतींच्या आणि आधारहीन असतात. सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाच्या डोक्यात त्या अद्याप शाबूत असतात, आणि रक्तदाब थोडासा चढला किंवा उतरला तरी फुटू शकतात. येथे वाहिनी विकृत नसते, तिच्या वाट्याला आलेला काळ विकृत असतो. हा भेद विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावा असा आहे.

१९७८ मध्ये पपाईल व सहकाऱ्यांनी दीड हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या ४६ अर्भकांचे संगणकीय क्ष-किरणछेदचित्रण केले. त्यांपैकी २० अर्भकांत रक्तस्राव आढळला, आणि त्याच्या चार श्रेणी त्यांनी ठरविल्या. सर्वांत धक्कादायक गोष्ट अशी की, जगलेल्या अर्भकांपैकी काहींत रक्तस्राव असूनही त्याचे कोणतेही बाह्य लक्षण नव्हते. यापूर्वी किती बालके अशा स्थितीत निरोगी म्हणून घरी गेली असतील, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. मात्र या तपासणीसाठी दुर्बल बाळाला उबेच्या पेटीतून काढून यंत्रापर्यंत न्यावे लागे आणि किरणांचा माराही सोसावा लागे.

ही अडचण श्राव्यातीत तरंगांनी दूर केली. १९७९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलमधील पेप व सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांतील मेंदूची हानी या तरंगांनी ओळखता येते असे ‘लॅन्सेट’मध्ये दाखविले. यंत्र बाळापाशी आले, बाळ यंत्राकडे गेले नाही. पुढच्या एक-दोन वर्षांत टाळूतून चित्र घेण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. १९८१ मध्ये लेव्हीन याने मेंदूच्या पोकळ्यांच्या वाढीची मापे या पद्धतीने निश्चित केली. त्यामुळे रक्तस्रावानंतर पाणी साठते आहे की काय, हे दर आठवड्यास मोजता येऊ लागले. शरीरातील मऊ ऊतींत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे १५४० मीटर असतो. साडेसात दशलक्ष कंप्रतेच्या तरंगाची लांबी त्यामुळे सुमारे एक-पंचमांश मिलिमीटर येते. अर्भकाच्या मेंदूतील बारीकसारीक रचना दिसण्यास एवढी सूक्ष्मता पुरते, आणि टाळूपासून खोली थोडी असल्याने तरंग वाटेत विरूनही जात नाही.

आकृतीबरोबर प्रवाहही कळू लागला. १९७९ मध्येच बाडा व सहकाऱ्यांनी डॉप्लर पद्धतीने टाळूतून मेंदूच्या अग्र रोहिणीतील रक्तप्रवाह मोजला. १९८६ मध्ये आर्चर, लेव्हीन व एव्हन्स यांनी जन्मवेळी गुदमरलेल्या अर्भकांत या प्रवाहाच्या रोधाचा अंक ०·५५ च्या खाली उतरणे हे भवितव्याच्या दृष्टीने अशुभ असल्याचे दाखविले. गुदमरलेला मेंदू आपल्या रोहिण्यांचे नियमन हरवून बसतो, त्या सैल पडतात, आणि म्हणून रोध घटतो, अशी त्याची उपपत्ती होय. दरम्यान १९८२ मध्ये कबर्ली, जॅफी व निक्सन यांनी गेलेनच्या नीलेच्या विकृतीची श्राव्यातीत चित्रे नवजात अर्भकांत दाखविली होती. साध्या चित्रात ती मध्यरेषेवरील, तिसऱ्या पोकळीच्या मागील, पाण्याच्या गाठीसारखी काळी पिशवी दिसते. डॉप्लरची जोड मिळाली की त्या पिशवीत वेगाने फिरणारे रक्त आहे हे तत्काळ कळते. जे निदान पूर्वी टाळूवर कान ठेवण्याच्या योगायोगावर विसंबून होते, ते आता पाळण्याशेजारी काही मिनिटांत होऊ लागले.

तरीही त्या पिशवीचे खरे स्वरूप उमगण्यास आणखी सात वर्षे लागली. रेबो, स्ट्रॉथर व हाल्ड यांनी १९८९ मध्ये असे प्रतिपादन केले की, फुगलेली वाहिनी ही मुळी गेलेनची नीला नव्हेच. गर्भाच्या आरंभीच्या आठवड्यांत अग्रमस्तिष्काच्या मध्यभागी असणारी आणि एरव्ही लोप पावणारी ती एक आद्य नीला होय. जुने नाव चालू राहिले, आशय मात्र बदलला. या भ्रूणशास्त्रीय आकलनाच्या आधारेच लासझोनियास व इतरांनी रोहिणीच्या मार्गाने बारीक नळी नेऊन विकृत मुखे आतून बुजविण्याची उपचारपद्धती विकसित केली, आणि पूर्वी बहुधा मरणाची असलेली वाट अनेक अर्भकांसाठी बदलली.

५

याच काळात एक असे चिन्ह दिसू लागले की ज्याचा उलगडा आजही पूर्ण झालेला नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रकांना रक्त पुरविणाऱ्या बारीक रोहिण्या साधारणतः श्राव्यातीत चित्रात उठून दिसत नाहीत. काही अर्भकांत मात्र त्या शुभ्र, शाखायुक्त रेषांच्या रूपाने दिसतात. पाश्चात्त्य क्ष-किरणतज्ज्ञांनी त्यांना फांद्या असलेल्या मेणबत्तीदानाची उपमा दिली आहे. मराठी वाचकाला येथे देवळापुढील दीपमाळ आठवावी. टील व सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये आणि ह्यूज व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये अशा अर्भकांचे वर्णन केले. काहींच्या ऊतींच्या तपासणीत वाहिन्यांच्या भिंतींत खनिज साठलेले आढळले. गर्भावस्थेतील विषाणुसंसर्ग, विशेषतः सायटोमेगॅलो विषाणूचा, गुणसूत्रांचे दोष, जन्मवेळचा प्राणवायूचा अभाव, अशा अनेक कारणांशी या चिन्हाचा संबंध जोडला गेला.

प्रारंभी हे चिन्ह गंभीर रोगाचे निदर्शक मानले गेले, कारण ते गंभीर आजारी बालकांतच शोधले गेले होते. पुढे यंत्रे अधिक सूक्ष्म झाली, तपासणी सरसकट होऊ लागली, आणि तेच चिन्ह वरकरणी निरोगी बालकांतही आढळू लागले. अशी अनेक बालके पुढे सर्वसामान्यपणे वाढली. तेव्हा चिन्हाचे मूल्य घटले. हा दोष पाहणाऱ्याच्या निवडीचा होता. ज्यांची तपासणी झाली त्यांच्यावरून, ज्यांची झाली नाही त्यांच्याविषयी अनुमान काढले गेले. डुसिकच्या बाबतीत हाडाने फसविले होते, येथे निवडीने फसविले.

भारतात या प्रश्नाला दोन कारणांनी वेगळे वळण लागते. एक तर सायटोमेगॅलो विषाणू येथील बहुसंख्य स्त्रियांना लहान वयातच होऊन गेलेला असतो. त्यामुळे केवळ रक्तातील प्रतिपिंडांवरून मातेला दोषी ठरविणारा निष्कर्ष काढणे सयुक्तिक नाही. दुसरे म्हणजे, हैदराबाद येथील लोकेश लिंगप्पा व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अशा अर्भकांची मालिका प्रसिद्ध केली की, जी किरकोळ उंचीवरून पडल्यानंतर एका बाजूने लुळी पडली आणि ज्यांच्या तळकेंद्रकांच्या वाहिन्यांत खनिजाचे ठिपके होते. रांगणारे किंवा नुकते उभे राहणारे मूल खाटेवरून पडणे ही घरोघरची गोष्ट आहे. बहुतेक मुले रडून गप्प होतात. या थोड्या मुलांत मात्र ताठर झालेली वाहिनी त्या लहानशा हिसक्याने बंद पडत असावी, असे मत मांडले गेले. म्हणजे जे चिन्ह एके ठिकाणी निरर्थक ठरत होते, ते दुसऱ्या ठिकाणी अर्थपूर्ण ठरत होते. नवजातपणी दिसणाऱ्या शुभ्र रेषा आणि पुढील वर्षी दिसणारे खनिजाचे ठिपके यांचा परस्परसंबंध किती, हे केवळ एकाच मुलांचा दीर्घकाळ मागोवा घेतल्यानेच ठरू शकेल.

६

महाराष्ट्रात या तंत्राचा इतिहास सुटा लिहिता येत नाही. तो दुसऱ्या एका इतिहासात गुंतलेला आहे. गर्भलिंगपरीक्षेविरुद्धची चळवळ मुंबईत १९८० नंतरच्या दशकात उभी राहिली आणि तिच्या प्रयत्नांनी १९८८ मध्ये महाराष्ट्राने याविषयीचा देशातील पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये संमत होऊन १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. आरंभी या परीक्षा गर्भजलावर होत. पुढे श्राव्यातीत यंत्र गावोगाव पोचले व तेच मुख्य साधन बनले. ‘सेहत’, ‘मासूम’ आणि साबू जॉर्ज यांनी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, आणि २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन त्याची पकड घट्ट झाली. महाराष्ट्रात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४६ होती. ती २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ झाली. हे आकडे पाहता कायद्याच्या कठोरतेविषयी तक्रार करण्यास फारशी जागा राहत नाही.

तथापि या कायद्याची छाया पाळण्यापर्यंत पोचते, ही गोष्ट इतिहासकाराने नोंदविली पाहिजे. गर्भाचे लिंग दाखवू शकणारे प्रत्येक यंत्र नोंदणीस पात्र ठरते, मग ते केवळ नवजातांच्या टाळूवर ठेवण्यासाठी घेतलेले का असेना. २०१२ च्या नियमांनी सुवाह्य यंत्राचा उपयोग दोनच ठिकाणी मान्य केला : ज्या वास्तूत त्याची नोंद आहे तेथील दाखल रुग्णांसाठी, किंवा फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. मोठ्या रुग्णालयातील नवजात कक्षाला यामुळे अडचण येत नाही, तेथील बालके दाखल रुग्णच असतात. परंतु यंत्र नसलेल्या छोट्या प्रसूतिगृहात, जेथे अपुऱ्या दिवसांचे बाळ अकस्मात जन्मते, तेथे दुसरीकडचे यंत्र सहज नेता येत नाही. बाळालाच न्यावे लागते. १९७९ चा लाभ हाच होता की बाळाला हलवावे लागत नाही. एका अन्यायाच्या निवारणासाठी दुसऱ्या ठिकाणी थोडी किंमत मोजावी लागली. ती किंमत योग्य होती असे मानले तरी तिची नोंद पुसून टाकणे योग्य नव्हे.

नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाची दोन टोके एकत्र आलेली दिसतात. एका टोकाला शहर आहे. येथील मराठा विद्या प्रसारक समाजाचे डॉ. वसंतराव पवार वैद्यकीय महाविद्यालय १९९० मध्ये आडगाव येथे सुरू झाले. १९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन त्याचे मुख्यालय नाशिकला आले. त्यापूर्वी राज्यातील वैद्यकीय महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर इत्यादी निरनिराळ्या विद्यापीठांच्या कक्षेत विभागलेली होती. आता राज्यभरातील क्ष-किरणनिदान व बालरोग या विषयांचे पदव्युत्तर विद्यार्थी आपले प्रबंध एकाच विद्यापीठाला सादर करतात, आणि अर्भकांच्या मस्तकाची श्राव्यातीत तपासणी हा अशा प्रबंधांचा परिचित विषय होय. दुसऱ्या टोकाला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर हे डोंगराळ आदिवासी तालुके आहेत. तेथील अपुऱ्या दिवसांचे बाळ घाट उतरून जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात येते, तेव्हा त्याच्या आयुष्यातील पहिले व सर्वांत धोक्याचे तास प्रवासात गेलेले असतात. २०१७ च्या ऑगस्ट महिन्यात या कक्षात ५५ अर्भके दगावल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले आणि देशाचे लक्ष नाशिककडे वळले. कमी वजन, अपुरे दिवस, श्वसनाची दुर्बलता आणि अखेरच्या अवस्थेत होणारे आगमन ही कारणे तेव्हा रुग्णालयाच्या वतीने सांगण्यात आली. जेथे ऊब, श्वास आणि जागा यांसाठीच झगडा चालला आहे, तेथे मेंदूतील वाहिन्यांचा विचार मागे पडणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या बालकांत तो विचार मागे पडतो, नेमक्या त्याच बालकांच्या मेंदूतील पेशीजनक थराच्या वाहिन्या सर्वांत नाजूक असतात.

शासकीय योजनांतही हा क्रम दिसून येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. त्याच्या तीस विकारांच्या यादीत अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातील पडद्याच्या वाहिन्यांचा विकार अंतर्भूत आहे. त्याच बाळाच्या मेंदूतील वाहिन्यांचा स्वतंत्र निर्देश तीत नाही. याला एक सबळ कारण आहे. डोळ्यातील विकार वेळेवर दिसला तर लेसर किरणांनी दृष्टी वाचविता येते. मेंदूतील रक्तस्राव दिसला तरी तो मागे घेता येत नाही. मात्र पुढे साठणारे पाणी वेळीच काढता येते, झटक्यांवर उपचार करता येतात, आणि बालकाच्या हातापायांना लवकर व्यायाम देता येतो. यासाठी एका चित्राचा उपयोग अल्प आहे, क्रमाने घेतलेल्या चित्रांचा आणि वर्षानुवर्षांच्या भेटींचा आहे.

असा मागोवा महाराष्ट्रात अशक्य नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या नवजात कक्षातून १९८७ ते १९८९ या काळात घरी गेलेल्या दोन हजार ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांचा मागोवा सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अठरा वर्षांच्या वयापर्यंत घेतला. ती मुले शाळेत कशी शिकली, कोणत्या विषयांत अडली, हे त्यामुळे कळले. आणि यंत्राविनाही पुष्कळ साधते, हे गडचिरोलीत अभय बंग व राणी बंग यांनी सिद्ध केले. घरोघरी नवजाताची देखभाल करून तेथील गावांत नवजातमृत्यूंत घडवून आणलेली मोठी घट १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याने काळाचे अंतर आणि गडचिरोलीने स्थळाचे अंतर ओलांडून दाखविले, असे म्हणता येईल. नाशिकच्या जिल्ह्याला ही दोन्ही अंतरे एकाच वेळी ओलांडावयाची आहेत.

७

या इतिहासाचा धागा २०२३ मध्ये पुन्हा त्याच आद्य नीलेपाशी येऊन पोचतो. बोस्टन येथे त्या वर्षीच्या मार्च महिन्यात चौतीस आठवड्यांच्या गर्भावर, तो मातेच्या उदरात असतानाच, या विकृतीचा उपचार करण्यात आला. श्राव्यातीत चित्राच्या मार्गदर्शनाने सुई गर्भाच्या मेंदूतील फुगलेल्या वाहिनीपर्यंत नेण्यात आली आणि ती बुजविण्यात आली. नाळ कापली जाण्यापूर्वीच रक्ताचा लोंढा आवरल्याने जन्मानंतरचा हृदयाचा ऱ्हास टळला. १८९५ मध्ये मृत देहात पाहिलेली विकृती सुमारे सव्वाशे वर्षांनी जन्मापूर्वी बरी करण्यापर्यंत ज्ञानाची मजल गेली. परंतु या सव्वाशे वर्षांतील प्रत्येक टप्प्यावर यंत्राइतकेच महत्त्व शवविच्छेदनाला, भ्रूणशास्त्राला आणि मुलांच्या दीर्घ निरीक्षणाला होते.

एवढ्या विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, चित्रात दिसलेले प्रत्येक वैचित्र्य हे विकृती नव्हे. ते विकृती आहे की नाही हे निरोगी बालकांशी तुलना केल्यावाचून ठरत नाही. दुसरा असा की, न दिसणे म्हणजे नसणे नव्हे. पपाईलच्या मालिकेतील लक्षणहीन बालके त्याची साक्ष आहेत. तिसरा, आणि येथील परिस्थितीत सर्वांत महत्त्वाचा, असा की निदानाची सत्यता बालक पुन्हा परत येण्यावर अवलंबून असते. राज्यभरातील अर्भकांच्या तपासण्यांवरील प्रबंध नाशिकच्या विद्यापीठाकडे येतात. त्यांतील बहुतेकांची मुदत विद्यार्थ्याच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाइतकी असते, आणि बालकाचे भवितव्य त्या मुदतीत पूर्ण उलगडत नाही. एका प्रबंधातील बालके दुसऱ्या प्रबंधकर्त्याकडे सोपविली जाऊन त्यांचा मागोवा अखंड चालू राहिला, तर आज ज्यांचा अर्थ लागत नाही अशा चिन्हांचा अर्थ येथील बालकांवरून, येथील परिस्थितीत लागू शकेल.

टाळू वर्ष-दीड वर्षात बुजते. सुरगाण्याच्या आईच्या कडेवरील मूल त्यानंतर चालू लागते, बोलू लागते, शाळेत जाते किंवा जात नाही. खिडकीतून जे पाहिले होते त्याचा निर्णय त्या पुढच्या वर्षांत होतो, आणि तो पाहण्यासाठी कोणी उपस्थित असणे हे या शास्त्राचे अद्याप अपुरे राहिलेले काम होय.